सेन नो रिक्यू : मासळीच्या वखारीतून आलेले ताट

जपानी काईसेकी जेवणाचे व्हिडिओ हल्ली आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर येतात. खडबडीत मातीची मोठी ताटली, मधोमध माशाचे तीन काप, शेजारी एखादे पान, बाकी सगळी जागा रिकामी. आणि त्याचे बिल ऐकले की आपण हसतो. एवढ्यात पोट भरते का, हा प्रश्न रास्तच आहे. आम्हीही तो विचारला होता. पण त्या रिकाम्या जागेचा माग काढत गेलो तेव्हा एका बौद्ध उपासकापाशी येऊन पोचलो. त्याला सत्तेने पोट फाडून मरायला लावले होते. त्यांचे नाव सेन नो रिक्यू. चहाचे आचार्य म्हणून जग त्यांना ओळखते, त्यांच्या ताटाबद्दल मात्र कमी बोलले जाते.

रिक्यूंचा जन्म १५२२ साली ओसाकाजवळच्या साकाई बंदरात झाला. घरातले नाव योशिरो, वडिलांची मासळीची वखार. ना सामुराईचे कुळ, ना दरबारी घराणे. साकाई हे व्यापाऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेले शहर होते आणि तिथल्या पैसेवाल्या घरांत चहाचा नाद होता. तरुणपणीच रिक्यू ताकेनो जोओ या आचार्यांकडे शिकू लागले. क्योतोच्या दाइतोकुजी या झेन विहाराशी त्यांचे नाते जडले, सोएकी हे धम्मनाव मिळाले. ते भिक्खू झाले नाहीत. व्यापार आणि संसार सांभाळून त्यांनी साधना केली.

त्या काळच्या सरदारी मेजवानीला होन्झेन म्हणत. पाहुण्यापुढे पायांचे चौरंग मांडले जात, एक, दोन, तीन, कधी त्याहून जास्त. कोणापुढे किती चौरंग आणि किती पदार्थ, हे त्याच्या दर्जावर ठरे. काही पदार्थ तर नुसते बघायला ठेवलेले असत. ताट म्हणजे हुद्द्याची पाटीच. आपल्याकडे पंगतीत कोण कुठे बसणार आणि कोणाला काय वाढणार हे जन्मावरून ठरत आले, त्यामुळे ही मांडणी आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

रिक्यूंनी चहाआधीचे जेवण एका बिनपायांच्या तबकात आणले. भात, एक सूप आणि तीन पदार्थ, बस्स. कधी दोनच. थोरामोठ्यांनाही तेच. त्या परंपरेतले आजचे तबक पाहा. पुढे डावीकडे भात, उजवीकडे सूप, पलीकडच्या बाजूला माशाची किंवा भाजीची छोटी वाटी. पहिल्यांदा येणारा भात दोन घासांचा असतो. यजमानाने तो नुकताच शिजवलेला असतो आणि वाफ जायच्या आत पाहुण्याने खावा, एवढाच हेतू. भात पुन्हा येतोच. मग गरम वाडगा येतो, मग भाजलेला मासा. हा मासा प्रत्येकाला वेगळा मिळत नाही. एकाच ताटलीतून ती पुढे सरकवत हिरव्या बांबूच्या काड्यांनी ज्याने त्याने आपला तुकडा घ्यायचा. पदार्थ मधोमध थोडासा उंच रचायचा, कडा मोकळ्या सोडायच्या, भांडे दिसू द्यायचे. हंगामात जे मिळते तेच वाढायचे. रिकामी जागा कंजुषीतून आलेली नाही. चौरंगांची रास काढून टाकल्यावर जे उरले ते हे.

झेन विहारात स्वयंपाक हे हलके काम कधीच मानले गेले नव्हते. दोगेन या आचार्यांनी १२३७ साली विहाराच्या स्वयंपाक्याच्या कर्तव्यांवर एक ग्रंथच लिहिला होता आणि ही जबाबदारी मुरलेल्या साधकाकडेच द्यावी असा त्यांचा आग्रह होता. रिक्यूंच्या ताटामागे ही शिस्त आहे. फरक इतकाच की त्यांनी ती विहाराबाहेर, मासे खाणाऱ्या गृहस्थांच्या घरात आणली.

भांड्यांचेही तेच. तेव्हा चीनहून आलेल्या गुळगुळीत, महागड्या भांड्यांची चलती होती. रिक्यूंनी कौले घडवणाऱ्या चोजिरो नावाच्या कारागिराकडून हाताने घडवलेले काळे, लाल वाडगे करून घेतले. कोळ्याची टोपली फुलांसाठी भिंतीवर टांगली. कोरियातल्या साध्या वाडग्यांना मान दिला. क्योतोजवळ यामाझाकी इथे ताइआन ही त्यांची मानली जाणारी चहाची खोली अजून उभी आहे, जेमतेम दोन चटयांची. आत जायचे दार सव्वादोन फुटांच्या आसपास. सरदार असो की वाणी, गुडघ्यावर येऊन, मान वाकवूनच आत सरकायचे. तलवार बाहेर. दाट चहा सगळ्यांनी एकाच वाडग्यातून आळीपाळीने प्यायचा. ज्यांच्या आजोबांसाठी हॉटेलाबाहेर वेगळी कपबशी ठेवलेली असायची, त्यांना या एका वाडग्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पण आम्ही इथे भाबडेपणा करणार नाही. त्याच जपानात मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे लोक वस्तीबाहेर ठेवले गेले होते. आजच्या बुराकुमिन समाजाच्या दुःखाची मुळे तिथवर जातात. त्या बुटक्या दारातून त्यांना कोणी बोलावले असेल असे आम्हाला वाटत नाही. रिक्यू स्वतः पैसेवाले होते आणि त्यांनी वाखाणलेल्या साध्या वाडग्याची किंमत लगेच वाढायची. आणि ते सत्तेच्या अगदी मांडीला मांडी लावून बसले होते.

आधी ओदा नोबुनागा, त्याने साकाई ताब्यात घेतल्यावर. १५८२ मध्ये नोबुनागा मेल्यावर तोयोतोमी हिदेयोशी. हिदेयोशी हा हलक्या घरात जन्मलेला, साध्या शिपायापासून चढत जाऊन साऱ्या जपानचा धनी झालेला माणूस. १५८५ मध्ये त्याने राजवाड्यात सम्राटाला चहा पाजायचे ठरवले. पण रिक्यू पडले व्यापारी, सामान्य नगरवासी. राजवाड्याचा उंबरा त्यांना बंद. तेव्हा सम्राटाकडून त्यांना रिक्यू हे नाव आणि कोजी, म्हणजे बौद्ध उपासक, ही पदवी देण्यात आली आणि मग ते आत गेले. पुढे जगाने लक्षात ठेवले ते नाव हेच. पुढच्या वर्षी हिदेयोशीने राजवाड्यात नेण्यासाठी सोन्याने मढवलेली, उचलून नेता येणारी चहाची खोली करवली. १५८७ मध्ये कितानो इथे मोठा चहामेळा भरवला. किटली, वाडगा आणि बसायला चटई घेऊन शेतकऱ्यांपासून कोणीही यावे अशी दवंडी पिटली. मेळा दहा दिवस चालायचा होता, एका दिवसात गुंडाळला.

दाइतोकुजीच्या महाद्वाराचा वरचा मजला रिक्यूंच्या देणगीतून १५८९ मध्ये पुरा झाला. कृतज्ञता म्हणून विहाराने तिथे त्यांचा लाकडी पुतळा बसवला, पायात चपला असलेला. १५९१ च्या सुरुवातीला तोच गुन्हा ठरला. त्या दारातून हिदेयोशीही जायचा, म्हणजे तो एका व्यापाऱ्याच्या चपलेखालून गेला! भांडी अवाच्या सवा भावाने विकल्याचा आरोपही जोडला गेला. खरे कारण काय यावर इतिहासकार आजही भांडतात. रिक्यूंना क्योतोतून साकाईला पाठवले गेले तेव्हा नदीकाठी निरोप द्यायला दोनच मोठे शिष्य आले, फुरुता ओरिबे आणि होसोकावा सान्साई. बाकीच्यांना जीव प्यारा होता. पुतळा उतरवून क्योतोतल्या एका पुलावर टांगण्यात आला. मग रिक्यूंना परत बोलावून सेप्पुकूचा हुकूम झाला. दुसऱ्या चांद्रमासाच्या २८ व्या दिवशी, जपानी गणनेने सत्तराव्या वर्षी, त्यांनी तो पाळला. त्यांचे शिर त्याच पुलावर ठेवले गेले.

त्याच वर्षी हिदेयोशीने फर्मान काढले : सैनिकाने शेतकरी किंवा नगरवासी व्हायचे नाही, शेतकऱ्याने शेती सोडून व्यापारात जायचे नाही. स्वतः ज्या शिडीने वर आला ती त्याने ओढून घेतली. आम्हाला ही दोन प्रकरणे वेगळी वाटत नाहीत.

रिक्यूंचा नातू सोतान याने कोणत्याही धन्याची चाकरी पत्करली नाही आणि गरिबीत राहिला. चहाची तीन सेन घराणी त्याच्या मुलांपासून चालत आली. काईसेकी हा शब्द जपानीत आता दोन तऱ्हांनी लिहितात. एकाचा अर्थ बैठकीचे जेवण. दुसऱ्याचा अर्थ छातीशी धरलेला दगड : भूक मारण्यासाठी भिक्खू तापवलेला दगड चिवरात ठेवत, त्यावरून. ही दुसरी अक्षरे रिक्यूंच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने जोडली गेली. महागड्या हॉटेलांच्या पाट्यांवर दोन्ही दिसतात.

चहाघरातल्या जेवणाच्या शेवटी करपट भाताचे गरम पाणी आणि लोणचे येते. पाहुणे त्या पाण्याने आपापला वाडगा धुतात, ते पाणी पिऊन टाकतात आणि वाडगा कागदाने पुसतात. विहारात भिक्खू आपले पात्र असेच धुतात. मग सगळे मिळून काड्या एकाच वेळी तबकात सोडतात. तो आवाज ऐकला की पलीकडे थांबलेला यजमान दार सरकवतो आणि रिकामी तबके स्वतः उचलून नेतो.