बापाजवळ मागणारे लेकरू

जॉर्ज म्युलर यांचा जन्म १८०५ साली प्रशियात झाला. लहानपणी ते आपल्या बापाचेच पैसे चोरीत. १८२५ साली हाल्ले येथील एका घरगुती प्रार्थनासभेत प्रभूने त्यांचे मन पालटविले. १८३६ साली इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी, भाड्याच्या घरात, त्यांनी अनाथालय उघडले. पुढे पाच मोठ्या इमारतींत दोन हजार मुलांची सोय झाली. कित्येकदा उद्याच्या जेवणापुरतेही पैसे नसत. तरी त्यांनी कोणा माणसापुढे हात पसरला नाही, की कर्ज काढले नाही. सोबत्यांसह गुडघे टेकून ते स्वर्गातील बापाजवळ मागत. त्यांची हकीकत वाचून पंडिता रमाबाईंनाही धीर आला. १८९८ साली म्युलर प्रभूकडे गेले. चोरणारे लेकरू मागावयास शिकले होते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, आपण शिकलो आहोत काय?