विल्हेल्म मायबाख

रस्त्यावरून मोटार भरधांव निघून गेली म्हणजे आपण तिच्या रंगाकडे व वेगाकडे पाहतों. परंतु तिच्या एंजिनांत हवा आणि पेट्रोल यांचा जो संयोग क्षणोक्षणीं घडत असतो, त्याचा विचार फार थोड्यांच्या मनांत येतो. घरची चूल पाहा. वारा मिळाला नाहीं तर लांकूड धुमसतें व घर धुरानें भरतें. फुंकणीनें वारा घातला कीं जाळ उठतो. आणि वाऱ्याचा अतिरेक झाला तर तोच जाळ विझून जातो. एंजिनाची गोष्टही अशीच आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. मापानें सांगावयाचें तर एका लिटर पेट्रोलला सुमारें ९,००० लिटर हवा हवी. पेट्रोल फाजील झालें तर काळा धूर निघतो व इंधन वायां जातें. कमी पडलें तर एंजिन अडखळतें, तापतें व शेवटीं बंद पडतें. हें प्रमाण एंजिनानें चालतां चालतां स्वतःच राखावें, या कामीं ज्यांनीं मोठें यश मिळविलें, त्या विल्हेल्म मायबाख यांचें चरित्र आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

जर्मनींतील हाइलब्रोन या गांवीं ९ फेब्रुवारी १८४६ रोजीं विल्हेल्मचा जन्म झाला. बाप सुतारकाम करीत असे. मूल दहा वर्षांचें होतें न होतें तोंच आई व बाप दोघेही निवर्तले. अनाथ मुलांना कोणी आश्रय द्यावा म्हणून आप्तांनीं वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. रॉइटलिंगेन येथें गुस्ताव्ह वेर्नर नांवाचे एक ख्रिस्ती धर्मसेवक निराधारांसाठीं एक आश्रम चालवीत असत. त्यांनीं या पोरक्या मुलास आपल्या छत्राखालीं घेतलें. आश्रमांत केवळ अन्नवस्त्र मिळे असें नव्हे. तेथें यंत्रांचा कारखाना होता, व मुलांना हाताला काम शिकविलें जाई. या मुलाची बोटें व डोळे यंत्रांकडे ओढ घेतात हें वेर्नर यांनीं ओळखलें. पंधराव्या वर्षीं विल्हेल्म नकाशे व आराखडे काढण्याचें काम शिकूं लागला, आणि त्याखेरीज गांवच्या शाळेंत जाऊन पदार्थविज्ञान व गणित यांचेंही अध्ययन करूं लागला.

१८६५ सालीं त्याची गांठ गॉटलीब डेमलर यांच्याशीं पडली. ते वयानें बारा वर्षांनीं वडील असून आश्रमाच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. ही ओळख जन्माची ठरली. डेमलर कार्ल्सरूह येथें गेले, तेव्हां मायबाख त्यांच्या मागोमाग गेले. पुढें १८७२ त डेमलर कोलोनजवळच्या डॉइट्स कारखान्यांत गेले, तेथेंही मायबाख यांनीं त्यांची सोबत सोडली नाहीं. त्याच कारखान्यांत निकोलाउस ऑटो यांनीं १८७६ सालीं आपलें प्रसिद्ध चार टप्प्यांचें एंजिन सिद्ध केलें. परंतु तें अतिशय जड होतें, मिनिटाला दोनशेंहूनही कमी फेरे करी, व धुराड्याच्या गांवांतील गॅसच्या नळाला खिळून राही. असें एंजिन गाडीवर बसवावें कसें ? हलकें, जलद आणि आपलें इंधन आपल्याबरोबर वाहून नेणारें एंजिन करावें, हा ध्यास या दोघांनीं घेतला.

१८८२ सालीं ते कान्श्टाट येथें आले. डेमलर यांच्या बंगल्याच्या बागेंत एक कांचेचें घर होतें. तेंच त्यांची कार्यशाळा बनलें. दारें लावून चाललेली ठोकाठोक ऐकून तेथें खोटीं नाणीं पाडलीं जातात असा संशय बागेच्या माळ्यास आला, व पोलिसांनीं झडती घेतली असतां त्यांना एंजिनाशिवाय कांहींच सांपडलें नाहीं, अशी गोष्ट सांगतात. १८८५ सालीं त्यांचें लहान एंजिन एका लांकडी दुचाकीवर चढलें. तें मिनिटाला सुमारें सहाशें फेरे घेई. १८८६ त चारचाकी गाडीही चालूं लागली.

तथापि एक अडचण उरली होती. त्या वेळीं पेट्रोलची वाफ करण्यासाठीं हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून अथवा त्याच्या आंतून ओढून घेत. या रीतींत पेट्रोलचा हलका अंश आधीं उडून जाई व जड अंश मागें राही. म्हणून सकाळचें मिश्रण एक, तर दुपारचें निराळें. थंडी वाढली कीं वाफ कमी होई, आणि खड्ड्यांतून गाडी हिंदकळली कीं प्रमाण पुन्हां बिघडे.

याच सुमारास मायबाख यांच्यावर एक संकट आलें. १८९० सालीं डेमलर यांची कंपनी स्थापन झाली. परंतु तिनें पुढें केलेल्या कराराच्या अटी न पटल्यामुळें १८९१ च्या आरंभीं मायबाख यांना तेथून बाहेर पडावें लागलें. घरीं बसूनही त्यांचें काम थांबलें नाहीं. डेमलर यांनीं त्यांना गुप्तपणें पैसा पुरविला, व १८९२ त कान्श्टाटमधील एका जुन्या हॉटेलाचें दालन भाड्यानें घेऊन दिलें. जेथें पूर्वीं पाहुण्यांच्या मेजवान्या झडत, तेथें आतां लेथ फिरूं लागले. तेथेंच १८९३ सालीं मायबाख यांचा फवाऱ्याचा कार्ब्युरेटर पूर्णत्वास आला. त्याच वर्षीं बुडापेस्ट येथें बांकी व चोंका या दोघांनींही याच तत्त्वावरील कार्ब्युरेटरचें पेटंट मागितलें, हेंही येथें सांगणें न्याय्य होय.

त्याची रचना समजण्यास सोपी आहे. एका लहान कोठींत पेट्रोल येतें. त्यावर एक पोकळ डबी तरंगते. पेट्रोल पुरेसें भरलें कीं ती वर येऊन वाट बंद करते, कमी झालें कीं खालीं उतरून वाट उघडते. त्यामुळें पेट्रोलची पातळी नेहमीं बारीक तोटीच्या तोंडाच्या किंचित् खालीं राहते. दट्ट्या खालीं जातांना हवा ओढली जाते. ती तोटीभोंवतींच्या अरुंद वाटेनें वेगानें जातांना पेट्रोल शोषून घेते व त्याचा फवारा उडतो. हवा जास्त गेली तर पेट्रोलही जास्त येतें, कमी गेली तर कमी. आतां हलका अंश व जड अंश बरोबरच जाऊं लागले, आणि हवामानाची सत्ताही पुष्कळ कमी झाली.

तरी प्रमाण अगदीं अचूक राही असें मात्र नाहीं. हवेचा वेग फार वाढला कीं साध्या तोटींतून पेट्रोल कांहींसें अधिक येतें. म्हणून पुढील कारागिरांनीं त्यांत सुधारणा केल्या, व मेस्त्री स्क्रू थोडथोडा फिरवून एंजिनाचा आवाज कान देऊन ऐकूं लागले. स्पार्क प्लग काढून पाहावा : काजळीनें काळा असेल तर पेट्रोल अधिक, पांढुरका असेल तर कमी, आणि फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य. १९७६ पासून धुरांतील प्राणवायु मोजणारें उपकरण मोटारींत बसूं लागलें, आणि आज संगणक त्यावरून पेट्रोलचें माप ठरवितो. साधनें बदललीं, प्रश्न मात्र तोच आहे.

१८९५ सालीं डेमलर व मायबाख दोघेही सन्मानानें कंपनींत परतले. डेमलर ६ मार्च १९०० रोजीं वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस मायबाख यांनीं रचलेली ३५ अश्वशक्तीची मर्सिडीज मोटार तयार झाली, आणि १९०१ च्या मार्चमध्यें नीस येथील शर्यतींत तिनें सर्वांस थक्क केलें. मधमाशांच्या पोळ्यासारखा तिचा रेडिएटर हीही त्यांचीच कल्पना. एवढें करूनही मित्र गेल्यावर त्यांची किंमत राहिली नाहीं, व १९०७ सालीं त्यांना पुन्हां कंपनी सोडावी लागली. तेव्हां वय एकसष्ट वर्षांचें होतें. ते खचले नाहींत. पुत्र कार्ल याच्या साहाय्यानें १९०९ सालीं त्यांनीं झेपेलिनच्या विमाननौकांसाठीं एंजिनें बनविण्याचा उद्योग उभारला. २९ डिसेंबर १९२९ रोजीं त्यांचा अंत झाला. कान्श्टाटच्या ज्या स्मशानभूमींत डेमलर विसांवले आहेत, तेथेंच त्यांचेंही थडगें आहे.

मोटारीवर नांव दुसऱ्याचें लागलें. परंतु तिच्या अंतरंगांत बुद्धि होती ती एका पोरक्या मुलाची. त्या मुलास वेर्नर यांनीं जवळ केलें नसतें तर ती बुद्धि कोठें गेली असती ? पालकहो, मुलाचा हात कोणत्या कामाकडे वळतो हें आपण पाहत जावें. आणि विद्यार्थी मित्रहो, मान कमी मिळाला म्हणून काम कमी करूं नये, हें त्या हॉटेलाच्या दालनांत चाललेल्या लेथकडून आपण शिकूं या.