जीवनवृक्षाची फांदी शोधणारे चार्ल्स डार्विन

उत्क्रांतीचा पाठ सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडं माणूस का होत नाहीत? या प्रश्नाला रागावू नका. आधी डार्विन यांची गोष्ट सांगा.

चार्ल्स डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. वडील डॉक्टर होते. मुलानेही डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी त्याला एडिंबरोला पाठवलं. पण भूल न देता होणाऱ्या शस्त्रक्रिया चार्ल्स यांना बघवेनात. मग धर्मोपदेशक होण्यासाठी ते केंब्रिजला गेले. मन मात्र रमलं किडे गोळा करण्यात!

१८३१ च्या अखेरीस ते 'बीगल' जहाजावरून निघाले आणि १८३६ मध्ये परतले. गॅलापागोसच्या वेगवेगळ्या बेटांवर त्यांना थोडे थोडे वेगळे मॉकिंगबर्ड पक्षी दिसले होते. १८३७ मध्ये त्यांनी वहीत फांद्या फुटलेलं एक छोटंसं झाड काढलं. सगळे सजीव एकाच झाडाच्या फांद्या आहेत, हा तो विचार.

पण पुस्तक यायला तब्बल २२ वर्षं लागली. डार्विन यांनी कबुतरं पाळली, खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नेकल प्राण्यांवर आठ वर्षं काम केलं. पत्नी एम्मा श्रद्धाळू होत्या, त्यांना या विचारांची काळजी वाटे. तरीही आपण अचानक गेलो तर लेखन छापण्याची जबाबदारी डार्विन यांनी १८४४ मध्ये त्यांच्यावरच सोपवली होती. १८५८ मध्ये वॉलेस यांनी तोच विचार पत्राने कळवला आणि १८५९ मध्ये 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध झालं. त्यात एक अख्खं प्रकरण स्वतःच्या सिद्धांतातील अडचणींवर आहे! १९ एप्रिल १८८२ रोजी त्यांचं निधन झालं.

गुणधर्म पुढच्या पिढीत कसे जातात, हे त्यांना कळलं नव्हतं. आज डीएनए जुळवून तेच झाड पुन्हा काढता येतं. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, माणसात २३. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात दोन जुनी गुणसूत्रं जोडल्याची खूण सापडते.

आता मुलांना घरची वंशावळ काढायला सांगा. आपण चुलत भावापासून जन्मलो नाही, पण दोघांचे आजोबा एकच. माणूस आणि आजची माकडं यांचं नातंही असंच, फक्त फार फार लांबचं. शंका घेणाऱ्या मुलाला गप्प बसवू नका. डार्विन यांनी तर शंका स्वतःच लिहून काढल्या आणि पुरावे शोधत उत्तरं दिली. आपणही तेच करूया.