रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे कोण होते?

सोलापूर : १८७७ मध्ये इथली जुनी मिल सुरू झाली, तेव्हा कामगारांना हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे (१८४८-१८९७) झगडले.

मुंबईच्या गिरणीत स्टोअरकीपर राहिलेले लोखंडे 'दीनबंधू'चे संपादक होते. १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांची सभा घेतली. मागण्या साध्याच : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनकडे ना वर्गणी, ना सभासद नोंदणी. तरीही एप्रिल १८९० मध्ये सुमारे १० हजार कामगार जमले, दोन महिलाही बोलल्या. १० जूनला मालक नमले, पण मुंबईपुरतेच. सोलापूरच्या गिरणीत हा हक्क आला तो १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने.

१८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे गेले.