आगकाड्यांना चालविणारे फाळके

पिवळ्या पाखरामागे धावून दरवेळी तोंडघशी पडणारे काळे-पांढरे मांजर प्रतापराव गुजरांच्या नेसरीतील शाळकरी मुलालाही आज परिचयाचे आहे. अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रशाळेत हे पाखरू १९४२ साली जन्मले. पुढे मांजराशी त्याची जोडी जमली आणि फ्रिझ फ्रेलेंग यांनी दिग्दर्शित केलेल्या १९४७ च्या लघुपटाने ऑस्कर पटकाविले. निर्जीवाला चित्रामागून चित्र घेऊन हालते करावयाचे, ही त्यामागील विद्या महाराष्ट्रात मात्र त्याच्या तीस वर्षे आधीच अवतरली होती. ती आणली धुंडिराज गोविंद फाळके यांनी. 'राजा हरिश्चंद्र'चे निर्माते एवढ्याच ओळखीवर आपण त्यांची बोळवण केली आहे.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण घेतले. गोध्र्यास छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला, तो प्लेगने मोडला. पत्नी आणि मूल दोघेही गेली. पुढे पुराणवस्तू खात्यात नकाशे काढले, छापखाना चालविला, जादूचे प्रयोगही केले. छापखान्यातील भागीदारांशी बिनसल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि त्या ध्यासापायी काही काळ दृष्टीही गमावली. तरीही विमा गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी करून परतले.

कॅमेरा आला, पण भांडवल कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याचे एकेक चित्र टिपले. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणांत उरकली; रोप जणू डोळ्यांदेखत जमिनीतून वर आले. हे पाहून यशवंतराव नाडकर्णी पैसा द्यावयास राजी झाले. तेव्हा हिंदी चित्रपटसृष्टीचे पहिले तारण म्हणजे वाटाण्याचे रोप होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. (दुसरे तारण सरस्वतीबाईंचे दागिने. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे या माउलीने केली, तिचे नाव कोणत्या पुरस्काराला आहे?) ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशन थिएटरात लागला.

महायुद्धाने भांडवल आटले, मोठे चित्रपट अडले. त्या टंचाईत, १९१५ साली, फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. काडी किंचित सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची. सेकंदास सोळा चित्रे धरली तरी एका मिनिटासाठी ही कसरत ९६० वेळा करावी लागते. सात मिनिटांच्या बोलक्या व्यंगपटास, सेकंदाला चोवीसच्या हिशेबाने, दहा हजारांवर चित्रे लागतात. हॉलिवुडात त्यासाठी चित्रकारांचे ताफे पगारावर असत. फाळक्यांपाशी घरची माणसे आणि चार-दोन सहकारी होते. पौराणिक चित्रपटांचा गल्ला मोजणाऱ्या भांडवलदारांना काड्यांच्या खेळात रस वाटला नाही, आणि ही शाखा आपल्याकडे खुरटली ती बुद्धीच्या अभावी नव्हे. कोल्हापुरात जन्मलेल्या 'प्रभात'ने पुण्यास गेल्यावर १९३४ मध्ये 'जंबूकाका' हा व्यंगपट काढून पाहिला. पण त्याचीही परंपरा झाली नाही.

फाळक्यांचा उत्तरकाळ सुखाचा नव्हता. हिंदुस्तान फिल्म कंपनीतील भागीदारांशी खटके उडाले, ते काशीस निघून गेले, परत आले. तोवर बोलपट येऊन ठेपला होता. त्यांचा एकमेव बोलपट 'गंगावतरण' १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनने काढला, तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. त्यानंतर त्यांच्या हातून चित्रपट झाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. पंचवीस वर्षांनी, १९६९ साली, सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. आगकाड्यांचा तो लघुपट मात्र काळाच्या उदरात गडप झाला आहे.