आधी सेवा, मग सत्ता

लोकसेवेचा श्रीगणेशा उमेदवारीच्या अर्जानेच करावयाचा, अशी घाई आमच्या तरुणांत दिसते. त्यांनी सांगलीच्या वसंतदादा पाटलांचे चरित्र एकवार डोळ्यांखालून घालावे.

सन १९१७ मध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या या पुरुषाचे आईबाप बालपणीच अंतरले. सांभाळ आजीने केला. शिक्षणही बेताचेच झाले. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून ते सहकाऱ्यांसह निसटले. पाठलागात दोघे सहकारी प्राणांस मुकले. दादा गोळीने जखमी होऊन पुन्हा कैद झाले. एवढ्या पुण्याईवर जन्मभर मानपान घेत बसणे अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. १९५२ साली ते विधानसभेवर गेले खरे, परंतु त्यांचे बळ सहकारात होते. शेतकऱ्यांचे भाग गोळा करून त्यांनी सांगलीस सहकारी साखर कारखाना उभारला आणि ऊस पिकविणारा कारखान्याचा भागीदार झाला. मुख्यमंत्रिपद आले ते १९७७ साली, तीन तपांच्या खटपटीनंतर!

त्यांचे सर्वच निर्णय निर्दोष होते, असे आम्ही म्हणत नाही. १९८३ साली विनाअनुदान महाविद्यालयांस त्यांनी दार उघडले; त्याने शिक्षणाचा विस्तार झाला, तशी गरिबांस शुल्काची धोंडही आडवी आली. १९८९ साली ते निवर्तले.

भांडवल न घालता नफा मागणाऱ्यास कोणता व्यापारी पेढीवर उभा करील? मग सेवेचे भांडवल नसलेल्यास मत तरी का द्यावे?