शाळामास्तर ओहम

नववी-दहावीच्या विज्ञानात ओहमचा नियम येतो. विजेच्या दाबाला प्रवाहाने भागले की तारेचा रोध मिळतो, एवढे पाठ करून विद्यार्थी आपले गुण पदरात पाडून घेतात. हा एका ओळीचा नियम ज्याने शोधला, तो एका कुलपे बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा होता आणि आयुष्याची उमेदीची वर्षे त्याने शाळेत मुले शिकवण्यात घालवली. म्हणूनच त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही जाणून घ्यावे असे आहे.

जॉर्ज सायमन ओहम याचा जन्म 16 मार्च 1789 रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. घरात सात मुले झाली, पण जगली तिघेच. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही वारली. वडील योहान कुलपांच्या कामावर पोट भरणारे. शाळेचे फारसे शिक्षण नसतानाही त्यांनी स्वतः पुस्तके वाचून गणित आणि विज्ञान आत्मसात केले होते. तेच त्यांनी जॉर्जला आणि त्याचा धाकटा भाऊ मार्टिन याला घरी शिकवले. पुढे मार्टिनही गणितज्ञ झाला.

1805 मध्ये जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला, पण तेथे त्याचे पाऊल घसरले. नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरची घसरगुंडी यांतच त्याचा वेळ जाऊ लागला. पोटाला चिमटा घेऊन शिकवणाऱ्या बापाला हे सहन झाले नाही. दीड वर्षातच त्यांनी मुलाला विद्यापीठातून काढले आणि जॉर्ज स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवू लागला. या ठेचेने तो शहाणा झाला. नोकरी सांभाळून त्याने थोर गणितज्ञांचे ग्रंथ स्वतःच अभ्यासले आणि 1811 मध्ये एर्लांगेनला परतून त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

तरीही चांगली जागा मिळेना. आधी बाम्बर्ग येथे आणि 1817 पासून कोलोन येथे त्याने शाळेत शिकवले. कोलोनच्या शाळेची प्रयोगशाळा मात्र उत्तम होती. शाळेचे तास संपले की ओहम तेथे बसे. लोहारकाम आणि यंत्रकाम बापाकडे पाहिलेले असल्यामुळे लागणारी उपकरणे तो स्वतःच्या हातांनी बनवू शके.

त्याची मोठी अडचण विजेच्या उगमाचीच होती. त्या काळच्या बॅटरीचा जोर मोजमाप चालू असतानाच उतरत जाई. मग मोजायचे कसे? त्याने तांबे आणि बिस्मथ या दोन धातूंचे सांधे केले. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा बर्फात. दोन्ही टोकांचे तापमान स्थिर, म्हणून विजेचा दाबही स्थिर राहिला. नंतर एकाच जाडीच्या पण वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून, चुंबकसूची किती वळते ते त्याने पुनःपुन्हा पाहिले. तार जितकी लांब, तितका प्रवाह कमी, आणि ही घट ठरलेल्या प्रमाणातच होते, हे त्याने 1826 मध्ये मांडले. 1827 मध्ये त्याचे पुस्तक निघाले.

पुस्तकाचे स्वागत थंडे झाले. ज्या मानाच्या जागेची आशा होती, ती मिळाली नाही. ओहमने कोलोनची नोकरी सोडली आणि बर्लिनमध्ये तुटपुंज्या कामावर वर्षे काढली. 1833 मध्ये त्याला न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले, तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. म्युनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद मिळाले ते 1852 मध्ये, आणि 6 जुलै 1854 रोजी तो वारला. 1881 मध्ये पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला त्याचे नाव दिले.

आता हा नियम आपल्या घरात पाहू. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब 230 व्होल्ट धरतात. समजा पाणी तापवण्याचा गीझर 8.7 अँपिअर प्रवाह घेतो. 230 ला 8.7 ने भागले की रोध सुमारे 26 ओहम येतो. गुणले की शक्ती सुमारे 2000 वॅट येते. म्हणजे हा गीझर अर्धा तास चालला की बिलात एक युनिट पडले. हाच गीझर 6 अँपिअरच्या सॉकेटला जोडला, तर सॉकेट आणि बारीक तार तापून आग लागण्याचा धोका. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट.

हेच गणित आपल्या पुणे जिल्ह्याच्या कडेलाही मांडले गेले. लोणावळा परिसरातील धरणांचे पाणी घाटाखाली सोडून टाटांच्या खोपोली येथील केंद्रात 1915 मध्ये वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पोचली. एवढ्या लांब तारांत वीज वाया जाऊ नये म्हणून दाब खूप वाढवतात. तितक्याच शक्तीसाठी मग प्रवाह कमी लागतो. प्रवाह निम्मा केला, तर तारेतील नुकसान चौथ्या हिश्श्यावर येते.

विद्यार्थी मित्रांनो, व्होल्टमीटर आणि अमीटर या दोन यंत्रांचे दोन आकडे हाती आले की रोधही कळतो आणि शक्तीही. तेव्हा नियम नुसता घोकू नका, प्रयोगशाळेत स्वतः आकडे घ्या, आणि उत्तर जुळले नाही तर पुन्हा घ्या. पालकांनीही ध्यानात ठेवावे की मुलाच्या अभ्यासाजवळ रोज तासभर बसण्यासाठी मोठी पदवी लागत नाही. एका कुलूपवाल्याने ते केले, आणि त्याच्या मुलाचे नाव आज जगातल्या प्रत्येक विज्ञानाच्या पुस्तकात आहे.